शनिवारचे बाबा

बस सिग्नलला थांबली आणि तिला खिडकीतून बाबा दिसले. खरं तर आधी दिसला तो एक ओल्या केसांचा म्हातारा. पोहण्याच्या तलावाच्या फाटकासमोर तो उभा होता, एका हातात आइस्क्रीमचा कोन, आणि दुसरा हात हवेत वर-खाली नाचवत काहीतरी सांगत होता. समोर एक उंच बाई आणि एक टकले गृहस्थ पोट धरून हसत होते. मजेशीर दिसतोय म्हातारा, असं तिच्या मनात आलं. हात असा वर-खाली नाचवून अडकलेल्या लिफ्टची गोष्ट सांगणारा माणूस साऱ्या जगात एकच आहे, हे तिच्या डोक्यात शिरेपर्यंत सिग्नल हिरवा झाला. बस हलली. तिने मान दुखेस्तोवर मागे वळून पाहिलं. काठी नव्हती. तिने चार दुकानं हिंडून आणलेली, उंची कमी-जास्त करता येणारी काठी बाबांच्या आसपास कुठेही नव्हती. रस्ता स्वतःच्या नावावर असल्याच्या थाटात, येणाऱ्या गाड्यांना हाताने थोपवत, आइस्क्रीम चाटत चाटत ते पलीकडे निघाले होते.

‘‘उतरायचंय का तुम्हाला?’’ शेजारच्या बाईने विचारलं. आपण अर्धवट उठून उभ्या आहोत हे तिला तेव्हा कळलं. ‘‘नाही, नाही,’’ म्हणत ती परत बसली. आजची बैठक चुकवण्यासारखी नव्हती. पण बसल्यावर लक्षात आलं की आपण हबकलोय, आणि का ते काही केल्या कळेना. बाप रस्त्यात पडलेला दिसून हबकली असती तर ठीक होतं. धडधाकट बाप पाहून कुणाची पोर हबकते? ती मात्र हबकली होती, कारण या माणसाला ती ओळखत नव्हती.

तिला माहीत होते ते शनिवारचे बाबा. आई गेल्यापासून तिने एक शनिवार चुकवला नव्हता. अंगात ताप असताना गेली होती, बस बंद असताना पायी गेली होती. या नेमाचा तिला मनातून थोडा अभिमानही होता. शनिवारचे बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असत. दार उघडून परत खुर्चीपर्यंत जाताना भिंतीला हात लावत. चहाचा कप उचलला की बशीवर बारीक किणकिण व्हायची. ती काही सांगायला लागली की ते ‘हं’ म्हणायचे, मग पुढचा ‘हं’ उशिरा यायचा, आणि तिसरा यायच्या आत हनुवटी छातीला टेकायची. मग ती त्या टापटीप खोलीत, चकचकीत पुसलेल्या टेबलापाशी, त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसून राहायची. कामवाली बाई चांगली मिळालीय, एवढंच तिला त्या स्वच्छतेकडे बघून वाटायचं. संध्याकाळी घरी आल्यावर दुसऱ्या शहरातल्या दादाला फोन. ‘‘आज पुन्हा बोलता बोलता झोपले.’’ ‘‘आज हात जास्त थरथरत होता.’’ दादाचं उत्तर ठरलेलं. ‘‘तू दर आठवड्याला बघतेस, मी काय सांगणार? तू म्हणशील ती पूर्व दिशा.’’

आणि ती म्हणाली होती की बाबांनी आता एकटं राहू नये. भाड्याचं घर सोडावं, तिच्याकडे यावं. मागची खोली तिने रंगवून घेतली होती, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडे बसवले होते. येत्या शनिवारी घरमालकाला कळवायचं, एवढंच उरलं होतं. तिला भीती वाटली होती ती बाबांना सांगण्याची. हयातभर लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. एका स्क्रूवरून साहेबाशी आठवडाभर अबोला धरणारा. आईने पडद्यांचा रंग बदलला तर त्यावरही वाद घालणारा. घर सोडा म्हटल्यावर तो आकाशपाताळ एक करील, अशी तयारी ठेवून ती गेली होती. तिने सांगितलं. बाबांनी तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘बरं.’’ बस्स, एवढंच. त्या दिवशी जिना उतरताना ती मधेच थांबून रडली होती. त्या एका ‘बरं’मध्ये तिला बाबा संपल्याचं ऐकू आलं होतं.

बस पुलावर चढली. खाली पाणी संथ होतं. आता तिला चक्क राग यायला लागला. म्हणजे आपल्यासमोर मरगळ, आणि परक्यांसमोर लिफ्टची गोष्ट? ती गोष्ट तर आपली होती. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बाबा तिला कामावर घेऊन जात. दुरुस्त केलेली लिफ्ट वर-खाली चालवून बघताना ती सोबत असे. वंगणाचा वास, केबलची घरघर, पोटात येणारा गोळा. कधीतरी ते मुद्दाम दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट थांबवायचे आणि खिशातून बिस्किटं काढायचे. ‘‘ठकू, ही जागा कुणाच्याच मालकीची नाही बरं का. ना वरच्यांची, ना खालच्यांची.’’ त्या मधल्या अंधारात ती दोघं कुरुमकुरुम बिस्किटं खायची आणि बाबा एकेका अडकलेल्या माणसाच्या हकिकती सांगायचे. लग्नाला निघालेला नवरदेव अडकला ती. दोन जन्माचे वैरी एकत्र अडकले ती. त्या हकिकती बाबा विसरले असं ती धरून चालली होती. त्या कुणा उंच बाईला ऐकायला मिळत होत्या. आपण जळतोय, हे तिला कळलं, आणि चाळिशी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही हेही कळलं, पण म्हणून जळणं काही थांबलं नाही.

कचेरीत शिरताच कॉफीचा आणि गरम झालेल्या संगणकांचा वास आला. आकाश बघणारी माणसं रात्रभर जागत असतील असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात दुर्बीण दूर कुठेतरी डोंगरावर आपली आपण काम करते आणि इथली माणसं दहा ते सहा तिचे आकडे निस्तरत बसतात. तिचं काम सांगायला सोपं आणि करायला कटकटीचं. दूरदूरच्या दीर्घिकांच्या पोटात एकेक प्रचंड कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती तापलेला वायू तबकडी होऊन फिरत राहतो, गिळलं जाण्याची पाळी येईपर्यंत. ही तबकडी इतकी लांब की मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीलाही नुसता ठिपका दिसतो. मग तिची रुंदी मोजायची कशी? तर वाट बघून. मधला वायू जास्त तापलेला, त्याचा प्रकाश निळा. कडेचा त्या मानाने थंड, त्याचा लाल. मध्यावर काही भडकलं की आधी निळा प्रकाश वाढतो. ती झळ कडेपर्यंत पोचली की मग लाल वाढतो. लालला किती उशीर झाला ते पाहायचं, प्रकाशाच्या वेगाने गुणायचं, की तबकडीचं माप हातात. तिने अशा शेकडो तबकड्या मोजल्या होत्या आणि त्या सिद्धांत सांगतो त्याच्या तिप्पट निघाल्या होत्या. त्यावर तिचं नाव झालं होतं. गावोगावी व्याख्यानं झाली होती, टाळ्या पडल्या होत्या.

पण वाट बघायची तर सारखं बघत राहायला हवं, आणि दुर्बीण काही तिच्या एकटीची नव्हती. ती सगळं आकाश टिपायची. फुटणारे तारे शोधणारे, पळते लघुग्रह धरणारे, सगळे तिच्यापुढे सार्वजनिक नळावर बादल्या लावाव्यात तसे रांगेत. आकाशाच्या एका तुकड्याकडे ती काही रात्रींतून एकदाच वळायची, तेही एका वेळी एकाच रंगाचा फिल्टर लावून. त्यात फिल्टर सहा आणि ते ठेवायची घरं पाच. म्हणून चांदण्या रात्री आल्या की सगळ्यांत निळा फिल्टर काढून ठेवायचा, कारण चंद्राच्या उजेडात तो फारसा उपयोगाचा नसतो. अंधाऱ्या रात्रींत परत बसवायचा आणि तेव्हा लालला सुट्टी. हे वेळापत्रक आखणाऱ्या गृहस्थांना सगळे स्टेशनमास्तर म्हणत. माणूस गोड, पण दिलेली वेळ बदलायची म्हटलं की कपाळावर आठ्या.

या सोमवारी तिने एक साधी परीक्षा करून पाहिली होती. आधीच करायला हवी होती, पण टाळ्यांच्या आवाजात सुचली नव्हती. तिने संगणकावर खोट्या तबकड्या केल्या, म्हणजे ज्यांचं माप आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा. त्यांचा प्रकाश तिने सलग तयार केला, मग स्टेशनमास्तरांचं वेळापत्रक त्यावर ठेवलं आणि ज्या रात्री दुर्बीण बघत नाही त्या पुसून टाकल्या. उरलेल्या ठिपक्यांवर तिने आपली नेहमीची पद्धत चालवली. लहान तबकडी आत घातली, बाहेर तिप्पट आली. मोठी घातली, तरी बाहेर पहिल्याएवढीच आली. आत काहीही घाला, बाहेर तेच उत्तर. अंधाऱ्या रात्री निळं, चांदण्या रात्री लाल. लाल नेहमीच उशिरा येणार, कारण त्याला बघायलाच आपण उशिरा जातो.

बैठकीत तिची पाळी आली तेव्हा ती हे सगळं शांतपणे बोलली. सोमवारपासून पाठ केलेलं भाषण वेगळं होतं, जरा सारवासारव करणारं. पण सकाळपासून डोळ्यांसमोर ओल्या केसांचा म्हातारा होता आणि सारवासारव करायची ताकदच उरली नव्हती. माझं माप चुकलेलं आहे, ती म्हणाली, आणि ते मी जाहीर करणार आहे. पुढच्या वर्षी आकाशाचे थोडेच तुकडे द्या, पण ते जवळजवळ रोज बघू द्या, दोन्ही रंगांत. मग स्टेशनमास्तरांनी चष्मा काढला.

‘‘म्हणजे बाई, तुम्ही तबकडी मोजलीच नाहीत. माझं वेळापत्रक मोजलंत.’’

‘‘हो.’’

‘‘आणि अगदी तंतोतंत मोजलंत हं. एका रात्रीचाही फरक नाही.’’

सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिला आपले शनिवार आठवले. संचालकबाई म्हणत होत्या की चार तुकडे प्रयोग म्हणून देऊन बघू, कुणीतरी लघुग्रहांच्या वतीने कुरकुरत होतं, आणि ती मान डोलवत होती. पण ती तिथे नव्हतीच. दर आठवड्याला, न चुकता, त्याच वारी, त्याच वेळी. सगळ्या शनिवारांमधून रेघ ओढून तिने बाबांचा उतार काढला होता, आणि त्या उतारावर दादाने मान डोलावली होती, न्हाणीघरात दांडे बसले होते, घर सुटणार होतं. मधल्या सहा दिवसांत तिथे काय असतं? तिने कधी पाहिलंच नव्हतं. मग तिच्यातल्या शास्त्रज्ञाने तिला लगेच बजावलं की बाई गं, आजचा एक बुधवार म्हणजेही एकच ठिपका. एका आइस्क्रीमवरून बाप ठणठणीत ठरवशील तर तोही मूर्खपणाच.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी ती न कळवता बाबांच्या दारात उभी राहिली. दार बंद होतं. किल्ली होती तिच्याकडे, पण घरात शिरणं चोरून बघितल्यासारखं झालं असतं. ती जिन्यात बसली. कुठल्यातरी घरात वाद्याचे तेच तेच सूर कुणी घोटत होतं. थोड्या वेळाने खालून बाबांची पावलं आली. पहिल्या वळणावर पावलं थांबली, आणि बराच वेळ नुसता धापेचा आवाज येत राहिला. तिने कठडा घट्ट धरला. उठून खाली धावावं की बसावं? ती बसून राहिली. पावलं पुन्हा चालू झाली. बाबा वर आले, खांद्यावर ओला टॉवेल, हातात भाजीची पिशवी. तिला पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

‘‘काय झालं? दादा बरा आहे ना?’’

‘‘सगळे बरे आहेत. सहज आले.’’

‘‘सहज? गुरुवारी?’’ त्यांचा विश्वास बसला नव्हता. ते खिसे चाचपायला लागले. ‘‘किल्ली कुठे गेली आता? कमाल झाली. आत्ता तर—’’

‘‘बाबा, हातात आहे तुमच्या.’’

ते हसले, ती हसली, पण तिने ते मनात टिपून ठेवलं. धाप, आणि किल्ली. दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. हे घर तिने पाहिलेलं नव्हतं. टेबलावर पंखा उघडून त्याचे सगळे अवयव मांडलेले होते. खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग, मोरीत भांडी, एक मोजा खिडकीत, एक कुठेच नाही. काठी दाराआडच्या खुंटीला टांगलेली होती आणि तिच्यावर पोहण्याची चड्डी वाळत होती. बाबा घाईघाईने मोजा उचलायला वाकले.

‘‘राहू दे हो. कामवाली येत नाही का?’’

‘‘कसली कामवाली? तिला तर केव्हाच काढली. फार बोलायची.’’

‘‘मग शनिवारी हे सगळं कोण आवरतं?’’

‘‘कोण म्हणजे? तू येणार म्हटल्यावर आवरायला नको? तुझी आई असती तर असल्या उकिरड्यात तुला बसवलं असतं का? पहाटे उठतो, लागतो कामाला. खिडक्या पुसतो, फरशी पुसतो, मोरी घासतो.’’ त्यांनी वर्तमानपत्रं उचलून पलंगावर टाकली आणि तिला खुर्ची मोकळी करून दिली. ‘‘मग तू येईस्तोवर कंबरड्याचे टाके ढिले होतात. हात लटपटतो. तू बोलत असतेस आणि माझा डोळा लागतो. लाज वाटते गं, पण करू काय?’’

ती खुर्चीत बसली. हसू येत होतं आणि रडूही. दोन्ही एकदम होऊ देणं तिला कधी जमलं नव्हतं, आज ते आपोआप झालं. बाबा तिच्याकडे पाहत उभे राहिले, हातात मोजा तसाच. मग त्यांनी पंख्याचं एक पातं बाजूला सारलं आणि टेबलाच्या कडेला टेकले.

‘‘बाबा, मला वाटलं तुम्ही थकलात. म्हणून घर सोडा म्हटलं मी.’’

‘‘मी?’’ बाबांना हे खरंच नवीन होतं. ‘‘माझ्यासाठी?’’

‘‘मग कुणासाठी?’’

‘‘अगं, मी तर तुझ्यासाठी हो म्हणालो.’’ ते जरा अवघडले, पायाने जमिनीवरचा एक स्क्रू सरकवत राहिले. ‘‘दर शनिवारी येतेस तर चेहरा हा एवढासा. डोळे खोल गेलेले. तिथे खिडकीपाशी बसतेस आणि मी पेंगतोय असं तुला वाटतं, पण अधूनमधून मी बघत असतो. काही न करता बसलेली असतेस. घरी जायची घाई नाही की काही नाही. म्हटलं, पोर एकटी पडलीय. स्वतःच्या तोंडाने म्हणायची नाही ती. घर सोडा म्हणालीस तेव्हा मला वाटलं, बरं झालं, हिला सोबत हवीय. म्हणून ‘बरं’ म्हटलं. नाहीतर हे घर मी सोडणार होतो? माझा तलाव इथे, माझी माणसं इथे.’’

तिने तोंड उघडलं. सांगायला अगदी सोपं होतं. शनिवारी ती दमलेली असते कारण शुक्रवारी आठवड्याचे सगळे आकडे जमवून द्यावे लागतात, आदली रात्र नीट झोप नसते. बाबा, तुम्हीसुद्धा मला फक्त शनिवारीच बघता, बाकीच्या दिवशी मी अशी नसते. वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि मग, सवयीप्रमाणे, बोलण्याआधी ती मनातल्या मनात पडताळून पाहायला लागली. सोमवार घेतला. सोमवारी कचेरीतून आल्यावर काय केलं होतं? मंगळवार घेतला. काल बैठकीनंतर सगळे कॉफीला गेले तेव्हा आपण कुठे गेलो? मागच्या आठवड्यात कुणाजवळ पोट धरून हसलो? त्याच्या मागच्या? ती एकेक दिवस उचलून पाहत राहिली. बाबा वाट पाहत होते. बाहेर वाद्याचे तेच सूर अजून चालू होते.

‘‘बाकीच्या दिवशीही अशीच असते मी, बाबा,’’ ती म्हणाली.

बाबांनी मोजा खिशात कोंबला, टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि पंख्याची जाळी तिच्यापुढे सरकवली. ती धरून बसली. दोघांनी मिळून पाती बसवली, एक उलटं बसलं, त्यावरून थोडं वाजलं, ते काढून सुलटं बसवलं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा पंखा फिरला. तिने फोन काढून दादाला लावला आणि सांगितलं की घरमालकाला काही कळवायचं नाही, बाबा इथेच राहतील. जिन्यात धाप लागते, ते डॉक्टरांना दाखवू, तेवढं मी बघते. दादाने नेहमीप्रमाणे पूर्व दिशा म्हणून सोडून दिलं. ती चप्पल घालायला लागली तेव्हा बाबा दारापर्यंत आले, भिंतीला हात न लावता.

‘‘उद्या ये.’’

‘‘उद्या शुक्रवार आहे, बाबा. कामं असतात.’’

‘‘माहितीय. काम आटोपून ये. घर आवरणार नाही मी.’’